तलफ आली की सांगायचं

सिगरेट सोडायचं ठरवलेल्या माणसाला आपण एकच सल्ला देतो: मन घट्ट कर. मन घट्ट करायचं काम त्याचं, आणि जमलं नाही तर दोषही त्याचाच. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ओढायला तो काही एकटा शिकलेला नसतो. कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी अर्धी पुढे केलेली असते. पुढे कारखान्याच्या गेटबाहेर, ऑफिसच्या जिन्यात, टपरीवर चार जणांच्या संगतीत ती सवय मुरते. मग सोडतानाच त्यानं एकट्यानं का झुंजावं?

माझा धाकटा भाऊ एसटीत कंडक्टर आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत. बराच काळ तो आणि त्याचे ड्रायव्हर एकाच मुक्कामी गाडीवर होते. संध्याकाळी डोंगरातल्या गावात पोचायचं, रात्री तिथंच राहायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचं. ड्रायव्हर पन्नाशीला आलेले. भाऊ त्यांना दादा म्हणतो, ते त्याला मास्तर. दादांची बिडी, भावाची सिगरेट. गाडी स्टँडवर लागली, कंट्रोलरकडे नोंद झाली, की दोघांचे पाय आपसूक मागच्या टपरीकडे वळायचे. दादांना चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला, डॉक्टरांनी छाती तपासून बिडी बंद करायला सांगितलं. त्या संध्याकाळी ते भावाला म्हणाले, “मास्तर, बंद करायचीय. पण तुम्ही शेजारी उभं राहून ओढणार असाल, तर माझ्याच्यानं होणार नाही.”

या वाक्यासाठी मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. आपल्याकडे पुरुष मदत मागत नाहीत, आणि व्यसनाच्या बाबतीत तर नाहीच नाही. दादांनी सरळ मागितली. भावानं रात्रभर विचार केला आणि सकाळी आपल्या खिशातलं पाकीट टपरीवाल्याला परत दिलं. टपरीवाल्यालाही सांगून ठेवलं, की आम्ही कितीही मागितली तरी आम्हा दोघांना द्यायची नाही. त्या भल्या माणसानं रोजच्या गिऱ्हाइकीवर पाणी सोडून शब्द पाळला.

झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, आणि दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून तर दिवसभर परत परत ओढावीशी वाटते. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. हे सगळं साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतं. पण एकेक तलफ सुटी पाहिली तर ती काही मिनिटांचीच असते. ती शिगेला जाते आणि ओढली नाही तरी उतरते. जन्मभर बिडी न ओढण्याची शपथ कुणालाही धडकी भरवेल. पाच मिनिटं कुणाशी तरी बोलत काढणं मात्र जमतं.

त्या दोघांनी नेमकं हेच केलं. नियम एकच होता, तलफ आली की तोंडानं सांगायचं. सगळ्यात अवघड होती ती मुक्कामाची रात्र. मशीनचा हिशेब आणि रोकड जुळवून झाली, डबा खाऊन झाला, गाव नऊलाच सामसूम. मोबाइलला धड रेंज नाही आणि झोपायला अजून तासभर अवकाश. दादा गाडीच्या पायरीवर बसलेले असायचे आणि एकदम म्हणायचे, “मास्तर, आली बघा.” मग भावानं काहीही विचारायचं. विहिरीला पाणी किती आहे, थोरलीच्या सोयरिकीचं कुठवर आलं, औंदा ज्वारी किती झाली. दादा सांगायला लागायचे, मध्येच उठून गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टायरांवर हात फिरवायचे, दाढेखाली एक लवंग धरायचे. बोलणं संपेपर्यंत तलफ गेलेली असायची. कधी भावाची पाळी असायची आणि दादा त्याला अनेक वर्षांपूर्वी घाटात गाडी बंद पडल्याची हकिकत सांगायचे. ती भावाला आता पाठ आहे.

काही गोष्टी आधी माहीत असल्या तर माणूस घाबरत नाही. आपल्याकडे हजारो पुरुष सांगतात, की सकाळी सिगरेटशिवाय पोट साफ होत नाही. त्यात तथ्य आहे. निकोटीननं आतड्यांना चालना मिळते, आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते. कोमट पाणी, फळं, पालेभाज्या आणि सकाळचं चालणं यांनी ती जाते. काहींना खोकला वाढल्यासारखा वाटतो, तोंड येतं. “ओढत होतो तेव्हा बरा होतो” म्हणत माणूस परत वळतो तो इथंच. तिसरी गोष्ट चहाची, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. सिगरेटच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतलं कॅफीन लवकर निकामी करतं. धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो. छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही, आणि दोष जातो सिगरेट सोडण्याला. भावाला हे कळल्यावर दोघांनी दुपारनंतरचा चहा बंद केला. शिवाय चहाचा पेला हातात आला की दुसरा हात बिडी शोधतो. ती जोडीही तुटली.

घरच्यांचं काम याहून नाजूक असतं. माझ्या भावजयीनं पहिल्या आठवड्यात घरात आदळआपट सोसली. तिनं त्याला “सोडलीस ना नक्की?” असं रोज विचारलं नाही, शर्टाचा वास घेतला नाही, खिसे तपासले नाहीत. मला यात तिचं मोठेपण दिसतं. संशयाखाली जगणारा माणूस चोरून ओढायला शिकतो, आणि चोरून ओढणाऱ्याला कुणाचीच मदत मिळत नाही. पण नुसतं सोसत राहणंही खरं नव्हे, तिलाही कुणीतरी हवं होतं. ती मला फोन करायची, आणि मी फक्त ऐकून घ्यायचे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या या केंद्रानं व्यसन हा सगळ्या घराचा आजार मानला. दारूला आपण हे लावतो, तंबाखूला लावायचं आपल्या मनातच येत नाही.

मग हळदीचा दिवस आला. दादांच्या भाच्याच्या लग्नात मांडवामागे जुन्या मंडळींत ते बसले आणि एक बिडी ओढली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर त्यांनी ती स्वतःहून भावाला सांगितली, मान खाली घालून. भावानं विचारलं, “कोण कोण होतं? जेवण व्हायच्या आधी का नंतर?” त्यावर दोघं नीट बोलले आणि पुढच्या कार्याला मांडवामागे जायचं नाही, पंगतीत वाढायला उभं राहायचं असं ठरलं. एका बिडीनं सगळं धुऊन निघालं असं समजून त्याच संध्याकाळी बंडल विकत घेणारे किती तरी असतात. त्यांच्याजवळ त्या वेळी असा एक मास्तर असायला हवा.

दुसरा धोका खास आपल्याकडचा. सिगरेट सुटते आणि तळहातावर तंबाखू-चुना येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के प्रौढ आढळले आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे ओढणं सोडणाऱ्याच्या चहूबाजूंनी मळणारे बसलेले असतात, आणि ते प्रेमानंच चिमूट पुढे करतात. निकोटीन तेच, आणि तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवारही. ही चिमूट पुढे न करणं हासुद्धा आधारच.

दोघांनी मिळून सोडलेली जास्त टिकते का, याबद्दल अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीतून बरंच हाती लागलं आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी १९७१ ते २००३ या काळातली १२,०६७ माणसांची नाती, मैत्री आणि सिगरेट यांचा माग काढला. त्यांचा लेख २००८ साली छापून आला. नवरा-बायकोतल्या एकानं सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी आढळली, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी, लहान कचेरीत सोबत काम करणाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं टोळक्याटोळक्यानं सोडत गेली होती. त्याच लेखातली आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. जे ओढत राहिले ते हळूहळू कडेला पडत गेले, त्यांचा गोतावळा आटला. म्हणून ज्या चौघांतल्या तिघांनी सोडली, त्यांनी चौथ्याला टपरीवर एकटं टाकून जाऊ नये.

दादांना वाटायचं, आता पन्नाशीत सोडून काय फायदा? ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं अभ्यास झाला, त्यात याचं उत्तर आहे. तिशीत सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे १० वर्षांनी वाढलं, चाळिशीत सोडणाऱ्यांचं ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३ वर्षांनी. भावानं त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “सहा म्हणजे नातवंडं शाळेत जाताना बघीन.”

दोघांनी डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगमही घेतला. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, जिभेला चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. त्याच्या पाव तास आधी आणि तो तोंडात असताना चहा घ्यायचा नाही. ज्यांना उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते, त्यांनी तर डॉक्टरांकडे जावंच, त्यांच्याकडे गोळ्याही असतात.

आता त्यांची जोडी राहिलेली नाही. ड्युट्या बदलल्या, भावाला नवे ड्रायव्हर मिळाले आणि ते ओढतात. भावानं पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं, की मी सोडलीय, माझ्यासमोर पुढे करू नका. त्यांनी ऐकलं. तलफ आता क्वचित येते. आली की तो दादांना फोन लावतो. दादा गाडीवर असले तर उचलत नाहीत, मग बायकोला लावतो. तीही कामात असेल तर तिसरा नंबर त्यानं मोबाइलमध्ये ठेवला आहे, सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो तो, १८००-११-२३५६. या राष्ट्रीय हेल्पलाइनला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस सोडायचा दिवस ठरवायलाही मदत करतो.