लहान विद्यापीठाचे मोठे काम

सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या विभागात बसून एम.ए. किंवा एम.एस्सी. करावयाचे, तर नागपूर गाठण्यावाचून एकेकाळी गत्यंतर नव्हते. साडेतीनशे किलोमीटरांच्या घरातले ते अंतर. वाटेत जंगल, आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे नदीनाले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या विस्तीर्ण कार्यक्षेत्राचे हे अगदी टोक. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ अस्तित्वात आले आणि हे अंतर कमी झाले.

अंतर कमी झाले. मनातला दुजाभाव मात्र पुरता गेला नाही. ऐपत असलेले पालक आजही पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपूर-पुण्याकडेच पाहतात. ज्यांना बाहेर जाणे जमत नाही त्यांच्यासाठी जवळचे विद्यापीठ, असा सुशिक्षितांचाही समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे.

पदवीपर्यंत विद्यार्थी इतरांनी शोधलेली उत्तरे शिकतो. पदव्युत्तर वर्गात त्याने स्वतः प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते. आणि प्रश्नांच्या बाबतीत गडचिरोलीइतका संपन्न जिल्हा शोधूनही सापडणे कठीण. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित आहे. वडधमच्या परिसरात प्राचीन जीवाश्म आहेत, सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. भामरागडकडे माडिया बोलली जाते, तर सिरोंच्यात तेलुगू. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली. तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर आहे. सुगीनंतर रंगणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीतील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भाषा, नाट्य, भूगर्भ, वनस्पती यांच्या अभ्यासकाला यापरते अभ्यासक्षेत्र कोठे मिळणार?

मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण तर बोलके आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्क मिळाला की वनाचा आराखडा करणे, बांबूचा लिलाव, हिशेब, करार ही कामे ओघानेच येतात. वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, विधी या शाखांच्या विद्यार्थ्यांनी आपला शोधप्रबंध अशा ग्रामसभांच्या दप्तरातून उभा केला, तर विद्या आणि गाव दोघांचेही भले होईल. हे काम दूरच्या विद्यापीठाला सवडीने करता येईल. गडचिरोलीच्या विद्यापीठाचे मात्र ते कर्तव्यच ठरते.

परंतु केवळ प्रश्न दारात असून भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन वर्षांचा काळ लागतो आणि मार्गदर्शक नियमित अध्यापकच असावा लागतो. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका आणि कंत्राट यांवर गाडा हाकण्याची जी सवय लागली आहे, तिचा खरा घाव बसतो तो येथे. मोठे विद्यापीठ दहापैकी तीन जागा रिकाम्या ठेवून कसेबसे तग धरते. लहान विद्यापीठाच्या विभागात एक जागा रिकामी राहिली की एका विषयाचे दारच बंद होते. ते बंद झाले की हुशार मुलगा नागपूरला जाईल. मुलीला मात्र बहुधा घरीच थांबावे लागेल.

तेव्हा गडचिरोलीच्या विद्यापीठाला नव्या इमारतींच्या कोनशिलांआधी पूर्णवेळ अध्यापक, मुलींचे वसतिगृह आणि समृद्ध ग्रंथालय हवे. शासनाने ते द्यावे, आणि समाजाने आपली हुशार मुले तेथे पाठवून त्याचा जाब विचारावा. गरजूंची मुलेच जेथे शिकतात, त्या संस्थेच्या रिक्त जागांची चौकशी करण्यास सहसा कोणी जात नाही.