प्रपंच आणि व्यवहार : निदानाचें मोल

घरांत कोणास ताप आला म्हणजे आपण डॉक्टरांकडे जातों. ते छाती तपासतात, चार प्रश्न विचारतात आणि पुष्कळदां ‘औषधाची गरज नाहीं, दोन दिवस विश्रांति घ्या’ एवढेंच सांगून परत पाठवितात. त्या सांगण्याची फी आपण निमूटपणें देतों; ‘गोळी दिली नाहीं, मग पैसे कशाचे?’ असें कोणी विचारीत नाहीं. वकिलांचीहि गोष्ट तीच. ज्या अमरावतींत दादासाहेब खापर्डे आणि रावबहादुर मुधोळकर यांच्यासारखे कायदेपंडित होऊन गेले, तेथें सल्ल्याला मोल असतें हें कोणास नव्यानें शिकवावयास नको. परंतु तेंच सुशिक्षित कुटुंब दारांतली मोटार बिघडली म्हणून गॅरेजांत जातें, तेव्हां त्याची समजूत एकाएकीं पालटते. तेथें नवा भाग बसविला तर पैसे द्यावयाचे, मिस्त्रीनें नुसता दोष शोधून दिला तर ‘केलें काय त्यानें?’ असा प्रश्न करावयाचा, ही आपली रीत झाली आहे. या रीतीचे परिणाम गॅरेजवाल्यावर आणि आपल्यावरहि काय होतात, त्याचा विचार या महिन्यांत करूं.

येथें आम्ही बोलत आहोंत तें कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरविषयीं नव्हे. अमरावतीचा बडनेरा रस्ता काय किंवा अकोल्याचा मूर्तिजापूर रस्ता काय, कडेनें पत्र्याच्या छपराखालीं एक मिस्त्री, दोन शिकाऊ मुलें आणि चार उघडीं बॉनेटें असें जें दृश्य दिसतें, त्या स्वतंत्र गॅरेजविषयीं हें लिहिणें आहे. गाडीची वॉरंटी संपली म्हणजे मध्यम स्थितींतील बहुतेक कुटुंबें अशाच एखाद्या गॅरेजचा आश्रय घेतात.

समजा, वैशाखांतल्या एका दुपारीं, अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला असतां, एका गृहस्थांची मोटार ‘गरम होते’ म्हणून आली. लक्षण एक, पण कारणें अर्धा डझन. कूलंट कोठें गळत असेल; रेडिएटर आंतून क्षारानें किंवा बाहेरून धुळीनें तुंबला असेल; थर्मोस्टॅट अडकला असेल; वॉटर पंप निकामी झाला असेल; पंख्याची मोटर, तिचा रिले किंवा एखादी तार गेली असेल; किंवा सर्वांत वाईट म्हणजे हेड गॅस्केट फुटलें असेल. मिस्त्रीला आधीं इंजिन निवेपर्यंत थांबावें लागतें, कारण तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर घेणें होय. मग दाब देऊन गळती पाहावयाची, पंखा वेळेवर सुरू होतो कीं नाहीं तें पाहावयाचें, कूलंटमध्यें बुडबुडे येतात कीं काय तें पाहावयाचें. दोन तास गेले आणि दोष सांपडला तो रिलेंत. त्याची किंमत दोनतीनशें रुपये. गृहस्थ आनंदानें तीनशें रुपये देतात; मिस्त्रीनें दोन तासांचे म्हणून आणखी पांचशें मागितले कीं मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

पूर्वीं हें निदान कानानें आणि हातानें होत असे. २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें त्या अँबॅसडरच्या काळांत कुशल मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून कार्ब्युरेटरचा दोष कीं पॉइंटचा तें सांगे. १ एप्रिल २०२० पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना बी. एस. ६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यांमुळें बहुतेक दुचाकींतून सुद्धां कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचें इंजेक्शन आलें, धुराड्याच्या नळीवर सेन्सर आले, डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर आला. हा फिल्टर आपोआप स्वच्छ होण्यासाठीं गाडी मधूनमधून कांहीं वेळ सलग वेगानें पळवावी लागते. जी गाडी केवळ राजकमल चौकापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत फिरते, तिचा फिल्टर तुंबतो आणि मालकाला वाटतें कीं गाडीच वाईट निघाली.

आतां कोणी म्हणेल कीं स्कॅनर लावला कीं दोष आपोआप कळतो, मग मिस्त्रीचें कौशल्य तें काय राहिलें? हा मोठाच गैरसमज आहे. स्कॅनर सांगतो तो केवळ सांकेतिक अंक. ‘मिश्रणांत हवा अधिक आहे’ असें त्यानें सांगितलें, तर सेन्सर बिघडला असेल, इंधनाचा पंप दुबळा झाला असेल, किंवा हवेच्या रबरी नळीला बारीकशी चीर पडली असेल. ज्याला अनुभव नाहीं तो महागडा सेन्सर बदलून मोकळा होतो. ज्याला आहे तो आधीं नळी चांचपतो. थर्मामीटर ताप दाखवितो, तो कशाचा हें सांगत नाहीं. तसेंच हें आहे. शिवाय स्कॅनर विकत घ्यावा लागतो, त्यांतील माहिती पैसे भरून वरचेवर नवी करून घ्यावी लागते, आणि नव्या गाड्यांचीं कांहीं कुलुपें तर कंपनीच्याच यंत्रानें उघडतात.

या शेवटच्या अडचणीची दखल सरकारनेंहि घेतलेली आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीचीं साधनें स्वतंत्र दुरुस्तीकारांना मिळूं न देणें हा त्यांवरील मुख्य ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानें सरसकट वॉरंटी रद्द करूं नये, असेंहि आयोगानें बजावलें. प्रकरण पुढें वरच्या न्यायासनांकडे गेलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत तर २०१२ सालीं मतदारांनींच कौल देऊन मोटार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळवून दिली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें ‘दुरुस्तीच्या हक्का’साठीं समिति नेमली, तींत मोटारींचा समावेश आहे. परंतु कायदा माहिती मिळवून देईल, ती वाचून दोष शोधणाऱ्याचे पैसे मात्र ग्राहकालाच द्यावे लागतील.

वऱ्हाडांतील गॅरेजवाल्याची दुसरी विवंचना उधारीची. आपल्याकडील पैशाला ऋतु आहेत. कापसाची वेंचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बहरावर सारी भिस्त. त्यामुळें ज्येष्ठांत गाडी दुरुस्त करून नेणारा ग्राहक सहज म्हणतो, “कापूस इकला का देतो ना भाऊ, मी काय पयून चाल्लो!” तो पळून जात नाहीं हें खरें, परंतु सुट्या भागांचा व्यापारी कापसाची वाट पाहत नाहीं. त्याला रोख हवी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सर्व सुट्या भागांवरील वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला. त्यापूर्वीं पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. हा कर, जागेचें भाडें, विजेचें बिल आणि मुलांचा पगार यांना दिवाळीपर्यंत थांबतां येत नाहीं. उधारींत अडकलेलें भांडवल म्हणजे गॅरेजवाल्यानें ग्राहकाला दिलेलें बिनव्याजी कर्जच होय, आणि हें कर्ज घेणाऱ्यांत पगारदार मंडळीहि कमी नसतात.

आतां या सर्वांची बेरीज करून पाहावी. निदानाचे पैसे मिळत नाहींत, मजुरी घासून घेतली जाते, उधारी थकते. मग उत्पन्न उरतें तें सुट्या भागांवरील कमिशनाचें. म्हणजे आपणच अशी व्यवस्था लावून ठेविली आहे कीं, जो मिस्त्री कमींत कमी भाग बदलील तो उपाशी राहील, आणि जो रिलेऐवजीं रेडिएटर, थर्मोस्टॅट व वॉटर पंप तिन्ही बदलील त्याचें घर चालेल. नंतर आपणच बैठकींत बसून ‘गॅरेजवाले सगळे लुबाडतात’ म्हणून तक्रार करतों. लुबाडणारे या धंद्यांत आहेत, ते सर्वच धंद्यांत असतात. परंतु प्रामाणिकपणाला आपण मोबदलाच ठेविला नाहीं, तर तो किती दिवस टिकावा?

हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांबाळांसह तेथें जाऊन घाट उतरतांना ब्रेक सारखे दाबले जातात आणि तापतात. ब्रेकचें ऑइल हवेंतील दमटपणा शोषून घेतें. तें वर्षानुवर्षें बदललें नाहीं तर या उष्णतेनें त्यांतील पाण्याची वाफ होते, आणि पाय खालपर्यंत गेला तरी ब्रेक लागत नाहीं. सहलीपूर्वीं ‘ऑइल बदला, लायनिंग झिजलें आहे’ असें सांगणारा मिस्त्री आपल्याला लोभी वाटतो. अमरावती-अकोला महामार्गाचीहि हीच गोष्ट. जून २०२२ मध्यें या मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड घालून गिनीज बुकांत विक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला तसा वेगहि वाढला. पण वैशाखांतल्या तापल्या सडकेवर त्या वेगानें धांवणारें झिजकें टायर फुटण्याची भीति असते, आणि टायर पाहून सावध करणारा डोळा त्याच छपराखालीं असतो. अशा वेळीं धोका सांगून ‘ही गाडी अशीच नेऊं नका’ म्हणणारा मिस्त्री एक ग्राहक गमावण्याची तयारी ठेवून बोलत असतो.

आणखी एक गोष्ट. ज्या विद्येला मोल नाहीं ती शिकावयास कोण येणार? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. परंतु तो पुरा केलेला मुलगा गॅरेजपेक्षां कोठल्याहि कारखान्यांतील ठराविक पगार बरा मानतो. आपल्या घरांतील मुलांची तर गोष्टच नको. यंत्रशास्त्राची पदवी मिळविलेल्यालाहि हात काळे करणें कमीपणाचें वाटतें. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलींच्या दुकानानें झाली, आणि लोखंडी नांगर त्यानंतर आला, हें आपण मुलांना अभिमानानें सांगतों. तें आपल्या घराण्यांत घडावें असें मात्र वाटत नाहीं.

यावर कुटुंबांना करतां येण्याजोगे उपाय अवघड नाहींत. गाडी देतांनाच विचारावें कीं, ‘नुसती तपासणी करण्याचे किती घ्याल?’ आणि पुढें दुरुस्ती केली वा न केली तरी तेवढे पैसे द्यावे. काम सुरू करण्यापूर्वीं अंदाज लिहून घ्यावा. बिलांत तपासणी, मजुरी व माल या तीन ओळी वेगळ्या मागाव्या. बदललेले जुने भाग परत मागण्यांत संकोच नको; प्रामाणिक मिस्त्री ते आपण होऊन दाखवितो. स्वस्तांत मागविलेला भाग स्वतः नेऊन ‘हा बसवा’ म्हणावयाचें असेल, तर तो बिघडल्यास दोष आपला समजावा. उधारी ठेवावीच लागली तर तारीख सांगावी आणि ती पाळावी.

एकत्र कुटुंबांत एक अडचण विशेष असते. गाडी पांच जण चालवितात आणि गॅरेजांत जातो तो सहावाच. शाळेच्या वाटेवर खडखडाट ऐकला थोरल्या जाऊबाईंनीं. गाडी नेली धाकट्या भाऊजींनीं. आणि ‘क्लच पाहून घ्या’ असा हुकूम सोडला काकांनीं फोनवरून. अशा सांगोवांगीवरून निदान कसें व्हावें? ज्यांनीं दोष अनुभवला त्यांनींच शक्य तर मिस्त्रीशीं बोलावें, आणि त्या घरांतील स्त्रिया असतील तर त्यांनीं मुळींच मागें राहूं नये. तें न जमल्यास गाडीच्या कप्प्यांत एक लहानशी वही ठेवावी. आवाज केव्हां आला, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, वेग किती होता, ब्रेक दाबल्यावर आला कीं वळण घेतांना, कोणता दिवा लागला, हें ज्याचें त्यानें तारखेसह दोन ओळींत लिहावें. ती वही मिस्त्रीच्या हातीं दिली तर त्याचा एखादा तास वांचेल. उरलेल्या तासाचे पैसे मात्र घासाघीस न करतां द्यावे.