विश्वासाचे लेखापरीक्षण

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या झाईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तांडेल आपल्या होडीची फळी न् फळी तपासतो. भर समुद्रात पाणी आत येऊ लागल्यावर दोष कोणाचा, या चर्चेला अर्थ उरत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. बँकेच्या लेखापरीक्षणाचे प्रयोजनही नेमके हेच आहे. झाईचा मच्छीमार, घोलवडचा चिकू बागायतदार आणि डहाणू-तलासरीचा शिक्षक ज्या विश्वासाने आपली पुंजी ठेवतो, त्या विश्वासाची ही वार्षिक तपासणी असते.

ती तपासणी किती पोकळ ठरू शकते, हे २३ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्राने पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. एकाच गृहबांधणी समूहाकडे अडकलेले सुमारे ६,५०० कोटींचे कर्ज २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड दडवल्याचे तपासात पुढे आले. लेखापरीक्षण दरवर्षी होत होते, अहवालही सादर होत होते. तरीही सत्य मात्र दडून राहिले.

या धक्क्यातून काही स्वागतार्ह बदल झाले. ठेवविम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेले. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांच्या लेखापरीक्षक नेमणुकीस रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती बंधनकारक झाली. २७ एप्रिल २०२१ च्या निर्देशांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. एका लेखापरीक्षण संस्थेने एका बँकेत सलग तीनच वर्षे काम करावे आणि त्यानंतर सहा वर्षे तेथे नेमणूक घेऊ नये. १५,००० कोटी वा त्याहून अधिक मालमत्तेच्या बँकेत किमान दोन संस्थांनी संयुक्त तपासणी करावी. एका संस्थेकडे आठांहून अधिक नागरी सहकारी बँका नसाव्यात. वर्षानुवर्षांच्या सलगीतून तपासणाऱ्याची नजर बोथट होते, ही जाणीव या नियमांमागे आहे.

लेखापरीक्षणाच्या मानकांमध्येही मंथन सुरू आहे. अन्य लेखापरीक्षकांच्या कामावर मुख्य लेखापरीक्षकाने किती विसंबावे, हे ठरवणारे ‘एसए ६००’ हे मानक अधिक कडक करण्याची शिफारस राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केली. सार्वजनिक बँका व त्यांच्या शाखांना त्यातून वगळले, हे योग्यच झाले. जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे. परंतु तिच्या नावाखाली सारे काम मोजक्या बहुराष्ट्रीय संस्थांच्या हाती जाऊन तालुक्याच्या गावचा सनदी लेखापाल बाजूला पडू नये, हा सनदी लेखापालांच्या संस्थेने मांडलेला आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्थानिक कर्जदाराची खरी स्थिती ओळखणारे स्वदेशी मनुष्यबळ हे देशाचे बळच आहे.

मात्र केवळ नियमांवर विसंबणे ही आत्मवंचना ठरेल. नवे निर्देश अमलात असतानाच फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतील १२२ कोटींच्या रोकडीच्या अपहाराची फिर्याद दाखल झाली. येथे गुंतागुंतीचे कर्जव्यवहार उलगडायचे नव्हते. प्रश्न तिजोरीतील नोटा मोजण्याचा होता! ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीनीकरण झाल्याने ठेवीदार सावरले, पण दर वेळी कोणी तारणहार भेटेलच असे नाही.

म्हणून प्रश्न अखेरीस संस्काराचा आहे. लक्ष्मणराव इनामदार यांनी सहकार भारतीची उभारणी केली ती संस्काराविना सहकार नाही, याच श्रद्धेने. संचालकपद हे विश्वस्तपद आहे, मिरवण्याचे मखर नव्हे. सभासदाचे कर्तव्यही लाभांश घेऊन संपत नाही. वार्षिक सभेत अल्पोपाहाराची वाट पाहण्याऐवजी लेखापरीक्षकाचे शेरे वाचावेत, थकीत कर्जाचे प्रमाण विचारावे, गतवर्षीच्या दोषांची दुरुस्ती झाली का, हे जाणून घ्यावे. पतसंस्थांतील ठेवींना तर बँकांसारखे ठेवविम्याचे कवच नाही. तेथे ही जागरूकता दुपटीने हवी. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत हा विषय घरोघरी न्यावा.

झाईचा तांडेल होडी कोणावर सोपवून निर्धास्त झोपत नाही. आपल्या कष्टाच्या ठेवींविषयी आपण तरी निर्धास्त का राहावे?