विकेंद्रीकरण आणि संपादकाची सत्ता
विकेंद्रित समाजमाध्यमांत संपादकाची सत्ता संपुष्टात आली, हे प्रतिपादन भाबडे आहे. मराठीला हा भ्रम नवा नाही. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची होळी झाली, परंतु अनियतकालिकांनाही संपादक होतेच, ‘येरू’ला राजा ढाले होते. सत्ता नष्ट झाली नव्हती, विभागली गेली होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅस्टोडॉन’चेही तेच. तेथे प्रत्येक सर्व्हरचा चालक स्वतःचे नियम ठरवतो, लेखन काढून टाकतो, प्रसंगी दुसऱ्या सबंध सर्व्हरशी संबंध तोडतो. न पटल्यास लेखकाने अन्यत्र जावे, असा युक्तिवाद केला जातो. मात्र या स्थलांतरात अनुयायी बरोबर येतात, जुने लेखन मागेच राहते. लेखन गमावून मिळणाऱ्या स्वातंत्र्याला मुक्ती म्हणणे ही आत्मवंचनाच होय. संपादक असावा की नसावा, हा प्रश्नच गैरलागू आहे. तो कोणाला उत्तरदायी आहे, हे विचारले पाहिजे.