विद्यापीठाची वाट कपिलधारपर्यंत यावी

बालाघाटच्या कड्यावरून कोसळणारी धार आणि जवळच मन्मथस्वामींची समाधी, हे बीड तालुक्यातले कपिलधार. कार्तिक पौर्णिमेला इथे दूरदूरहून दिंड्या येतात. सोळाव्या शतकात स्वामींनी ‘परमरहस्य’ लिहिले ते मराठीत. वीरशैव तत्त्वज्ञान लोकांच्या भाषेत लोकांच्या दारी नेणे, हे त्यांचे मोठे काम. ज्ञान माणसांकडे चालत गेले पाहिजे, ही या मातीची जुनी शिकवण आहे.

आज उलटे घडते. इथल्या मुलाला विद्यापीठ गाठायचे तर छत्रपती संभाजीनगरपर्यंत सव्वाशेहून अधिक किलोमीटर जावे लागते.

निजामाच्या काळात तर हैदराबादच गाठावे लागे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा पहिल्या पिढीच्या पदवीधरांना आपले घर मिळाले. बौद्ध लेण्यांच्या डोंगराखाली, सोनेरी महालाच्या शेजारी त्याचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. 1978 साली विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले. आजही त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेली माणसे विद्यापीठाच्या गेटसमोर हात जोडून उभी राहतात. एखाद्या विद्यापीठावर सामान्यांनी इतका जीव लावावा, हे दुर्मीळ आहे.

त्या जिवाची परतफेड व्हायला हवी. 1994 मध्येच नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. धाराशिवला उपपरिसर आहे. मग बीडलाही तसा पूर्ण उपपरिसर हवा. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या आसपास आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्यात परततात. मागे राहिलेल्या मुलीवर धाकट्या भावंडांचा भार असतो. तिला दूरच्या शहरात खोली, मेस आणि एसटीचा खर्च कसा झेपावा? पदव्युत्तर वर्ग आणि मुलींचे वसतिगृह बीडमध्ये असेल, तरच तिचे शिक्षण पुढे सरकेल.

त्याच उपपरिसराने कपिलधारला मन्मथस्वामींच्या साहित्याचे अभ्यासकेंद्रही उभारावे. मठांतल्या, घराघरांतल्या पोथ्या गोळा कराव्यात, त्यांचे डिजिटायझेशन करावे आणि त्या कामावर इथलीच मुले नेमावीत. विद्यापीठाने प्रस्ताव द्यावा, सरकारने निधी द्यावा आणि बीडच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधानसभेत लावून धरावी.