हरणाचे खाते कोणाच्या नावे?



आपल्या समाजातील कित्येक घरांची मुले-मुली आज अमेरिकेत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावली आहेत. तेथे शरद ऋतू जवळ आला, की त्यांच्या कानांवर एक अपरिचित बोलणे पडते. शेजारी आणि कचेरीतील सहकारी हरणांच्या शिकारीचे बेत आखत असतात. ‘यंदा हिवाळा फार कडक गेला, आपल्या राज्यात हरणे कमी उरली आहेत, तेव्हा परवाना दुसऱ्या राज्यात मागावा का?’ अशी चर्चा तेथे सहजपणे चालते. आपण यात्रेचा कार्यक्रम ठरवावा, तितक्या आस्थेने ते नकाशे उलगडून बसतात. हे पाहून आपली मुले अस्वस्थ होतात आणि सुटीत घरी आल्यावर विचारतात, ‘ही माणसे एरवी इतकी सज्जन आहेत. त्यांच्याशी आपण कसे वागावे?’

उत्तर देण्यापूर्वी त्या व्यवहाराची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. थंड प्रदेशातील हरीण हिवाळ्यात मुख्यतः शरद ऋतूत अंगी साठवलेल्या चरबीवर तग धरते. बर्फाचा थर जाड झाला, की झुडपे झाकली जातात; हरणांना चारा मिळत नाही आणि चालण्यातच शक्ती संपते. त्यात पाडसे प्रथम दगावतात. 2022-23 च्या हिवाळ्यात वायोमिंग राज्याच्या पश्चिम भागात असेच झाले. म्यूल जातीच्या हरणांची अपरिमित हानी झाली, म्हणून त्या राज्याच्या वन्यजीव खात्याने पुढील हंगामाचे परवाने कमी केले. परराज्यातून येणाऱ्या शिकाऱ्यास तेथे स्थानिकापेक्षा कितीतरी अधिक शुल्क भरावे लागते. शिवाय 1937 पासून बंदुका व काडतुसे यांवरील कराची रक्कम कायद्याने वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना वाटली जाते. म्हणजे जो मारतो, तोच हरणांच्या रानाचा खर्चही उचलतो.

हिंसेचे समर्थन यातून होत नाही. पंचेंद्रिय जीवाचा सुखासाठी केलेला वध हा वधच, त्यावर कितीही शुल्क भरले तरी. परंतु आपण व्यापारी माणसे आहोत, खतावणी वाचण्याची आपल्याला सवय आहे. त्या खतावणीतील एक नोंद आपल्याला विचारात पाडते. तेथे हरणाचा खर्च शिकाऱ्याच्या नावे पडतो. आपल्याकडे शिकार बंद आहे, तर हरणाचा खर्च कोणाच्या नावे पडतो?

आपला धाराशिव जिल्हाच पाहा. उमरग्यापासून जवळ असलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. बाराव्या शतकात रचलेल्या त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे. त्या काळी हरणांची शिकार हा राजविनोद होता आणि काळविटामागे शिकवलेले चित्ते सोडले जात. पुढे निजामी अमदानीतही शिकार ही दरबारी प्रतिष्ठेची गोष्ट होती. चित्ता या देशातून नाहीसा झाल्याचे 1952 साली जाहीर झाले; काळवीट मात्र कसेबसे तगले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून होणारी शिकारही थांबली. काळवीट आणि चिंकारा ही दोन्ही हरणे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांचा कारावास आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंडही.

या कायद्याचा आपल्याला अभिमान वाटतो. भगवान शांतिनाथांचे लांछन मृग आहे. मुक्या जीवांचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी विवाहमंडपाकडे निघालेला रथ मागे फिरवला, ती कथा आपली मुले पाळण्यात ऐकतात. ज्या जिल्ह्यात धाराशिवच्या लेण्यांतील पार्श्वनाथ आणि कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्र आहे, तेथे हरीण निर्भय फिरावे, याहून समाधानाची गोष्ट कोणती?

पण ते निर्भय फिरते कोठे? पूर्वीची गवताळ माळराने बरीचशी नांगराखाली आली. येडशी रामलिंग घाटाचे अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे आहे. सपाट, मोकळ्या माळाच्या काळविटाला घाटातील झाडी पुरेशी नाही. म्हणून ते शेतात उतरते. सोयाबीनला नुकती पाने फुटली, की कळप पहाटेच वावरात दिसतो. रब्बीत हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले जातात. दुबार पेरणी करावी लागली, तर बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी येते. हरणाला मारता येत नाही आणि पीक तर वाचवायचे आहे, म्हणून तो थंडी-पावसात रात्र-रात्र राखण करतो.

हरणाचे खाते, वाचकहो, त्या शेतकऱ्याच्या नावे आहे. अहिंसेचा आनंद आपण घेतो आणि तिचे मोल तो देतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा अतिचार आपण बैलाच्या किंवा घोड्याच्या संदर्भात ऐकतो. आपल्या दयेचे सारे ओझे एका अल्पभूधारकाच्या खांद्यावर टाकून आपण निश्चिंत राहिलो, तर त्याही व्यवहाराला हाच शब्द लागू पडतो, असे प्रस्तुत लेखकास नम्रपणे वाटते. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन मार्ग आपण मानतो. आपल्या दुकानातून गेलेली तार शेतकऱ्याने थेट विजेच्या प्रवाहाला जोडली आणि तिच्यावर हरीण मेले, तर तो हिशेब केवळ त्याचा राहत नाही. अशा तारांनी माणसेही गेली आहेत.

मग करावे काय? अमेरिकेतील हरणांची परीक्षा हिवाळ्यात होते, आपल्या हरणांची चैत्र-वैशाखात. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढू शकतो. काळविटाला उन्हाळ्यात पाणी लागतेच. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माणसांची ती अवस्था, तर रानातील जीवांची काय असेल? पाण्याच्या शोधात ती महामार्ग ओलांडताना वाहनाखाली सापडतात, कुत्र्यांच्या तोंडी पडतात, बिनकठड्याच्या विहिरीत कोसळतात. म्हणून बेत उन्हाळ्यापूर्वीच आखला पाहिजे.

ज्यांच्या स्वतःच्या जमिनी आहेत, त्यांनी माघ-फाल्गुनातच वनविभागाच्या सल्ल्याने पाणवठा करावा. तो उथळ आणि उतरत्या काठाचा असावा, म्हणजे पाडस बुडणार नाही. तो रस्त्यापासून आणि वस्तीपासून दूर असावा. विहिरीला कठडा बांधावा. शेतात एकटे पडलेले पाडस दिसले, तर दयेपोटी उचलून घरी आणू नये. हरणी पिलाला गवतात लपवून चरायला जाते आणि परत येते. वन्य प्राणी घरी पाळणे कायद्यानेही वर्ज्य आहे. जखमी हरीण आढळल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

शेती-साहित्याचे दुकान असणाऱ्यांनी तार विकताना गिऱ्हाइकाला दोन शब्द सांगावेत. सौरऊर्जेवर चालणारे झटका यंत्र जनावराला क्षणभर दचकवून परतवते, मारत नाही. ते गरजू शेतकऱ्यास नफा न घेता, हप्त्याने द्यावे. आडत दुकानदारांचा शेतकऱ्याशी संबंध तर पिढ्यांचा असतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीसाठी शासनाची नुकसानभरपाई आहे. परंतु वेळेत अर्ज करणे, सातबारा जोडणे, पंचनामा करून घेणे, यात पुष्कळजण मागे पडतात. आपला मुनीम कागद लिहिण्यात तरबेज असतो. त्याने आठवड्यातील एक दुपार या कामास दिली, तरी तो मोठा जीवदयेचा व्यवहार होईल. आणि पर्युषणात जमणाऱ्या जीवदयेच्या निधीतून एक वाटा हरणांनी पीक खाल्लेल्या शेतकऱ्याच्या दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी ठेवता येईल का, याचा विचार प्रत्येक गावच्या पंचांनी अवश्य करावा. पांजरपोळातील गाईला चारा देणे आणि रानातील हरणाने खाल्लेल्या चाऱ्याचे मोल चुकते करणे, या दोन्हींत भेद कोणता?

आता परदेशातील मुलांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांनी सहकाऱ्याच्या शिकारीत सहभागी होऊ नये आणि तिचे कौतुकही करू नये, कारण अनुमोदनाचा दोष टाळणे आपले कर्तव्य आहे. पण त्याचा तिरस्कारही करू नये. विचारल्यास शांतपणे सांगावे, ‘आमच्याकडे हरीण मारत नाहीत, आणि ते जे खाते त्याचे मोल आम्ही सर्वांनी मिळून वाटून घेतले आहे.’

हे वाक्य आपल्या मुलांना खऱ्या अर्थाने उच्चारता यावे, एवढी व्यवस्था आपण येथे करावी. येत्या वैशाखापूर्वी आपल्या गावात त्याचा आरंभ व्हावा, ही विनंती.