रोगप्रतिकारक रोप : पण कोणत्या रोगाला?



सफरचंदाचे रोप विकणाऱ्याच्या तोंडी एक शब्द ठरलेला असतो : ‘रोगप्रतिकारक’. घराच्या आवारात दोन-चार रोपे लावा, रोग नाही, फवारा नाही, दोन-तीन वर्षांत लेकरांच्या हातात घरचे सफरचंद! कापूस-ज्वारीच्या हिशेबात ज्याचा हात कधी वर आला नाही, त्याला हे बोलणे गोड लागणारच. पैसे मोजण्याआधी त्याने एकच सवाल विचारावा. रोगप्रतिकारक म्हणजे कोणत्या रोगाला?

हा सवाल कापूसवाल्याला शिकवावा लागू नये. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यात बोंडअळीला रोखण्याचा गुण होता आणि तो खरा होता. पण गावात पोचेपर्यंत ‘बोंडअळी’ हा शब्द गळाला आणि ‘कीड लागत नाही’ एवढेच उरले. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना त्या गुणाचे काहीच सोयरसुतक नव्हते. पुढे गुलाबी बोंडअळीनेही तो गुण पचवला. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याची कारणे अनेक होती. ‘या वाणाला फवारा फारसा लागणार नाही’ हा हिशेब पार उलटला होता, हे त्यांतले एक. ढाल खरी होती, पण ती एकाच बाणाची होती.

आता सफरचंदाकडे या. सफरचंदाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे स्कॅब. ही बुरशी आहे. पानांवर डाग पडतात, फळावर काळ्या खपल्या धरतात, फळ तडकते. हिला गार हवा आणि तासन् तास ओले राहणारे पान लागते. १९७३ साली काश्मीरमध्ये आणि १९८३ साली हिमाचलात हिने बागाच्या बागा नासवल्या. तिथला बागवान कळी फुटल्यापासून तोडणीपर्यंत हिच्यासाठी पुन्हा पुन्हा पंप चालवतो.

म्हणून शास्त्रज्ञ कामाला लागले. एका जंगली सफरचंदात स्कॅबला दाद न देणारा गुण सापडला. अमेरिकेत तो संकर करून करून खाण्याच्या सफरचंदात आणला. १९७० साली ‘प्रायमा’, १९७८ साली ‘लिबर्टी’ हे वाण बाहेर पडले. पहिल्या संकरापासून ‘प्रायमा’पर्यंत पन्नासहून अधिक वर्षे गेली. काम मोठेच आहे, त्याला नमस्कार. पण पुढे युरोपात स्कॅबच्याच नव्या जातींनी तो गुणही भेदला. गुलाबी अळीने आपल्याला जे शिकवले, तेच बुरशीने त्यांना शिकवले.

म्हणजे सफरचंदाच्या दुनियेत नुसते ‘रोगप्रतिकारक’ म्हटले, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘स्कॅबप्रतिकारक’ असतो. घाटंजीत स्कॅबचे काय काम? इथे ना तिला हवा तो गारवा, ना आसपास सफरचंदाची बाग. जो चोर आपल्या गावच्या वाटेला येतच नाही, त्याच्यासाठी कुलूप विकत घ्यायचे, आणि तेही चढ्या भावाने?

आपल्याकडचे चोर वेगळे आहेत. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी धरले की मूळ गुदमरते, बुंधा कुजतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा साल भाजते. भाजलेल्या सालीत कीड शिरते, कोरड्या बुंध्याला वाळवी लागते. यांतल्या एकालाही स्कॅबचा गुण अडवत नाही.

कोणी म्हणेल, गरम मुलखात सफरचंद येतेच ना? येते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ साली परसात टाकलेल्या बियांतून एक झाड उगवले. ते सुमारे १,८०० फुटांवर, म्हणजे सफरचंदाच्या मानाने सखल आणि गरम जागी, फळले. त्याची कलमे ‘एचआरएमएन-९९’ या नावाने देशभर गेली. २०२५ साली शर्मांना पद्मश्री मिळाली. एका शेतकऱ्याच्या नजरेने हे केले, याचा आपल्याला अभिमानच आहे. पण ते झाड प्रसिद्ध झाले ते थंडी कमी लागते म्हणून. थंडी कमी लागणे हा एक गुण, रोगाला दाद न देणे हा दुसरा. विकणारा दोन्ही एका पिशवीत घालतो, आपण वेगळे करून मोजले पाहिजेत. शिवाय सफरचंदाच्या बीपासून आईसारखे झाड येत नाही, गुण टिकतो तो कलमातच. कलम कोणत्या झाडाचे आणि खाली मूळ कोणते, हे सांगता येत नसेल तर हातात आहे ती नुसती काडी.

मुळाचे महत्त्व विदर्भाला ठाऊक आहे. संत्र्याची कलमे पिढ्यान् पिढ्या जंबेरीच्या खुंटावर बांधली गेली आणि डिंक्याने बागा बसल्या. त्या रोगाला अधिक टिकाव धरणारा म्हणून रंगपूर लिंबाचा खुंट पुढे आला. फळ तेच संत्रे, फरक जमिनीखालचा.

मग आवारात लावायचे काय? ज्या झाडाखाली लेकरू खेळते, बाज टाकली जाते, पाण्याचा रांजण असतो, तिथे पंप चालवावा लागेल असे झाड लावूच नये. ही पहिली अट. सीताफळ, आवळा, कवठ, जांभूळ, चिंच ही झाडे आपल्या मुलखात पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. सीताफळाच्या पानाला बकरीही तोंड लावत नाही. धुऱ्यावरची रानबोर उन्हाळ्यात कापा, फुटव्यांवर पावसाळ्याच्या सुरुवातीला चांगल्या बोरीचा डोळा भरा. खाली दुष्काळ सोसणारे घरचे मूळ, वर गोड फळ. बोरीवरही भुरी येते, सीताफळावर पिठ्या ढेकूण येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हे आपल्या ओळखीचे चोर आहेत.

ज्याला सफरचंदाची हौस आहे त्याने जरूर लावावे. शेतकऱ्याच्या प्रयोगाला आडकाठी नको. पण एक-दोन झाडे, स्वतःच्या पैशाने, उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी. कर्ज काढून नव्हे, पऱ्हाटीचे वावर मोडून तर नव्हेच. ‘पीक बदला, दिवस बदलतील’ असा उपदेश करणाऱ्यांना एवढेच सांगा की १९९० साली हिमाचलात कोटगढला सफरचंदाचा भाव मागणाऱ्या बागवानांवर गोळीबार झाला आणि तिघे मेले. झाड बदलल्याने भाव बदलत नाही.

रोप घेताना तीन गोष्टी विचारा. प्रतिकार कोणत्या रोगाला? खुंट कोणता आणि तो काळ्या जमिनीत कुठे पाहायला मिळेल? रोपवाटिकेचा परवाना आणि पक्की पावती कुठे आहे? महाराष्ट्रात फळरोपांच्या विक्रीसाठी १९६९ पासून कायदा आहे, तेव्हा परवाना मागणे हा आपला हक्क आहे.

येत्या बैठकीत प्रत्येक गावाने ठराव घेऊन यावा : ज्या रोपावर रोगाचे आणि खुंटाचे नाव लिहिलेले नाही, ते रोप आमच्या गावात कोणी विकत घेणार नाही. शब्द विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणजे तो आपोआप पुरा शब्द बोलायला लागेल.